असा अडथळा दुसरीकडं मिळणार नाही

दाजी, माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं असतं. मीही बोललो. तुमच्या दिवसकार्याला आलेल्या माणसांपुढं इतकं बोललो, की शेवटी बायकोनं मागून सदरा ओढून मला खाली बसवलं. पण खरं सांगू? मला तुमचा संशय येतोय. तुम्ही होतात तेव्हाही येत होता. आता जास्त येतोय, कारण आता विचारायची सोय नाही.

संशय एवढाच: गेल्या वर्षी आपल्या डोंगरावर तुम्ही तो ड्रोन चढवलात, तो फौजेच्या कामासाठी की आमच्या अक्कासाठी?

हसू नका. मुळापासून सांगतो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण मला मधूनच गोष्ट सुरू करता येत नाही. नवरदेव मांडवात पोचला तरी सुभाषरावांची वरात वेशीतच, असं तुम्हीच सगळ्यांना सांगायचात.

डोंगराच्या सातारच्या अंगाला आमचं गाव. तिथं माझा थोरला भाऊ, नाना. सांगलीच्या अंगाला तुमचं गाव. तिथं तुम्ही आणि माझी बहीण, अक्का. मधल्या डोंगराच्या माथ्यावर नानाचा माळ, ज्यात कुसळांखेरीज काही उगवत नाही आणि ज्याच्यावरून नाना रात्रंदिवस काळजी करतो. मी उंब्रजला, पाइप आणि पाण्याच्या मोटारींच्या दुकानात. भावाबहिणीच्या भांडणापासून लांब राहता यावं म्हणून मी हायवेला दुकान टाकलं असं लोक म्हणतात. लोकांना कुठून कळतं कोण जाणे.

भांडण आईच्या मरणावरून. नाना म्हणतो, निरोप धाडला होता. अक्का म्हणते, मला पोचलाच नाही. ती पोचली तेव्हा चिता निवत आली होती. नानानं दारातल्या गर्दीकडं बघून म्हटलं होतं, "तिकडं कळवा रं कुणीतरी." गर्दीतलं कुणीतरी "व्हय" म्हणालं होतं. कोण म्हणालं ते आजतागायत कळलेलं नाही. ती दोघं तेव्हापासून एकमेकांशी बोलली नाहीत.

आणि तुम्ही तेव्हा कुठं होतात? फौजेच्या सिग्नलमध्ये, उत्तरेला, कुठल्याशा शिखरावर. दोन दऱ्यांत बसलेल्या दोन पलटणींना एकमेकींचं ऐकू येत नाही, मधे डोंगर आडवा, म्हणून तुम्ही वर बसून वायरलेसवर इकडचं तिकडं देत होतात, रिले म्हणतात त्याला. दुसऱ्यांचे निरोप पोचवायला तुम्ही बर्फात बसला होतात आणि तुमच्याच घरचा निरोप चार कोसांवर हरवला. सुट्टीवर आल्यावर तुम्हाला हे कळलं, तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात. मी ओसरीवर होतो म्हणून ऐकला.

"ज्यानं व्हय म्हटलं, त्याच्याकडनं निरोप परत म्हणून घेतला व्हता का?"

नाना म्हणाला, "आवं पाव्हणं, आई गेलेली आमची. तवा काय पाढे म्हणून घ्यायचं व्हतं व्हय?"

 पण त्या दिवसापासून तुम्ही सगळ्या खानदानाला पाढे म्हणायला लावलेत. अक्कानं बाजाराला धाडलं तरी तुम्ही उभं राहून म्हणायचात, "कोथिंबीर, शेंगदाणं, चहा. समजलं." आणि कुणाला काही सांगितलंत की लगेच, "परत सांग." अक्का कातावायची. "आवं, मी काय पलटण हाय का तुमची?" तुम्ही शांतपणे, "न्हाईस. पर परत सांग."

माझ्या बाबतीत तर तुम्ही उलटंच करायचात. माझी गोष्ट संपली, म्हणजे अर्ध्या तासानं संपली, की तुम्ही ती परत सांगायचात, चार वाक्यांत. लोक तुमच्या चार वाक्यांना हसायचे. मला राग यायचा. आता वाटतं, आमच्या घरात माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारे तुम्ही एकटेच होतात.

तुम्ही पेन्शनीत आलात आणि नाना आणि अक्का यांच्यामधला रिले झालात. "नानाला सांगा," असं अक्का तुम्हाला म्हणायची. "तिला म्हणावं," असं नाना तुम्हाला म्हणायचा. तुम्ही फटफटीवर डोंगराला वळसा घालून जायचात. मी एकदा विचारलं, "दाजी, जसंच्या तसं सांगता का वो?" तुम्ही म्हणालात, "रिले हाय मी. आलं तसं फुडं. आपलं डोकं घालायचं न्हाई."

इथं मला पहिला संशय आला, कारण तुमच्या फेऱ्या होऊनही घरात कुणाचं डोकं फुटत नव्हतं. मी नानाला ओळखतो, अक्कालाही ओळखतो. त्यांचे निरोप जसेच्या तसे पोचते, तर तुमच्या फटफटीला दोन्ही गावांनी दगड मारले असते.

मग मी सापळा लावला. मला सापळे लावता येत नाहीत; दुकानातला उंदीर माझ्या सापळ्यातली भजी खाऊन परत जातो. पण हा लागला. अक्काच्या पोरीच्या साखरपुड्याच्या वेळी नाना माझ्यादेखत तुम्हाला म्हणाला, "तिला म्हणावं, बोलवायचं आसंल तर नीट बोलीव, न्हाईतर ऱ्हाऊ दे, आमी काय उपाशी न्हाई." मी दुसऱ्या दिवशी अक्काकडं गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. अक्का म्हणाली, "त्यो म्हणाला, जेवणाचा लय घाट घालू नगा."

आणि तुम्ही नानाकडं निघताना अक्कानं तुम्हाला म्हटलं होतं, "त्याला सांगा, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नगंस." नानाकडं ते कसं पोचलं? "तिच्या सोप्याची फरशी उचकटलीया म्हणं. पाय ठेवायला जागा न्हाई. मंग कशाला जायचं?" साखरपुड्याला नाना गेला नाही, आणि तरी रुसला नाही.

मी तुम्हाला पकडलं. तुम्ही आंब्याखाली फटफटी पुसत होतात. मी म्हणालो, "दाजी, हा रिले न्हवं. ही लबाडी हाय."

तुम्ही फडकं पिळलंत आणि वर बघितलंसुद्धा नाहीत. "सुभाषराव, वायरलेसचं दोन सेट एकाच बनावटीचं असलं की रिले चालतोय. एक सेट जुना, एक नवा असला की न्हाई चालत. ह्याचं त्याला कळत न्हाई. मग मधी गेटवे लागतोय. त्यो आलेलं उघडतोय, समोरच्याला कळंल आसं करतोय, मग फुडं देतोय."

"म्हणजे बदलतोय!"

"बदलत न्हाई. उतरवतोय."

"पाय ठेवू नगंस ह्याचं फरशी उचकटली कसं वो उतरलं?"

तुम्ही हसलात, "चहा ठेव म्हणावं अक्काला," म्हणालात, आणि तो वाद तिथंच राहिला. दाजी, तो अजून तिथंच आहे, आंब्याखाली. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

पेन्शनीनंतर तुम्ही शिरवळच्या त्या लहानशा कारखान्यात जायला लागलात. तिथं तुमच्या जुन्या कामाचंच नवं रूप बनवत होते. तुम्ही मला समजावून सांगितलं होतं, आणि मला एकदाच सांगून कळलेली ही माझ्या आयुष्यातली एकमेव तांत्रिक गोष्ट, म्हणून लिहितो. शिखरावर माणूस चढवायला दिवस जातात. म्हणून फौज कधीकधी रिलेचा सेट विमानात ठेवून विमान वर घिरट्या घालत ठेवते. वरून दोन्ही दऱ्या दिसतात, म्हणून दोन्हीकडचं बोलणं जातं. पण विमानाला तेल भरायला खाली यावंच लागतं. "आन ते खाली आलं की दोनी दऱ्या मुक्या," तुम्ही म्हणाला होतात. म्हणून शिरवळच्या लोकांनी ड्रोनखाली एक डबा टांगला होता, रिले आणि गेटवे दोन्ही एकात, आणि ड्रोनला जमिनीपासून वायर. वीज वायरीनं वर जाते. त्याला खाली यावं लागत नाही.

तुम्ही तिथं जाताना दाढी करायचात, अत्तराचा एक ठिपका लावायचात. अक्कानं मला फोन केला. "सुभाष, शिरवळला कोण हाय रं त्यांचं?"

"कारखाना हाय, अक्का."

"कारखान्याला कोण अत्तर लावून जातंय?"

मी तुम्हाला सांगितलं की अक्काला संशय आलाय. कुठलाही शहाणा नवरा तिला कारखान्यात नेऊन डबा दाखवता. तुम्ही तिला काहीच सांगितलं नाहीत. उलट पुढच्या खेपेला नवा सदरा घातलात.

मग तुम्ही नानाकडं गेलात, डब्याची तपासणी करायला माळ मागायला. नाना आधीच भडकलेला. ड्रोनवाल्यांची गाडी माळ बघून गेलेली, आणि गावात तीन मतं झालेली. एक म्हणे, बिबट्या हुडकायला आलेत. दुसरं म्हणे, कुणाचा ऊस किती ते साखर कारखान्याला वरून मोजायचंय. नानाचं तिसरं: रस्ता निघतोय आणि माळ जाणार.

"पाव्हणं, खरं सांगा. मोजणी हाय न्हवं?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई, नाना." नुसतं न्हाई. कागद तुमच्या खिशात होते, परवानगी होती, सगळं होतं. एकही काढला नाहीत. तुमच्या त्या एका शब्दानं नानाची खात्रीच पटली की मोजणी आहे. तो म्हणाला, "मग आसं करा. खालच्या सेटवर मी बसनार. माझ्या जमिनीबद्दल वर काय बोलत्यात ते मला ऐकायचंय."

"बसा की," तुम्ही म्हणालात.

आणि घरी अक्का म्हणाली, "ह्या बाजूच्या सेटवर मी बसनार. तुमी कुणासंगं बोलता ते मला ऐकायचंय."

"बस की," तुम्ही म्हणालात.

तपासणीच्या दिवशी सकाळी कंपनीतले दोघं ड्रोनजवळ माळावर, तुम्हीही त्यांच्याजवळ. नाना आमच्या अंगणात, जुन्या पद्धतीचा सेट मांडीवर घेऊन. अक्का तुमच्या अंगणात, नव्या पद्धतीचा घेऊन. मला तुम्ही नानाजवळ ठेवलंत, कशासाठी ते तेव्हा कळलं नाही. "सेटला हात लावायचा न्हाई," एवढंच मला सांगितलंत आणि परत म्हणून घेतलंत. ड्रोन वर गेला, घोंघावत उभा राहिला, वायर ताठ. गावातली पोरं ओरडली. नाना आकाशाकडं असं बघत होता जणू त्याच्या डोक्यावरून रस्त्याची रेघ मारतायत.

तुम्ही दोन्हीकडं एकच नियम सांगितला होता. नाव घ्यायचं नाही. दोघांना दिलेल्या एकसारख्या कागदावरचे आकडे म्हणायचे, ऐकलेले आकडे परत म्हणायचे, आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मग समोरच्यानं बोलायचं. डब्यातून आलेला आवाज सपाट होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बाई की बाप्या एवढंच कळतं. हेही तुम्हीच सांगितलंत. आता मला त्याचाही संशय येतो.

नाना म्हणाला, "एक, चार, सात. ओव्हर."

तिकडून बाईचा आवाज, "एक, चार, सात. समजलं. दोन, दोन, नऊ. ओव्हर."

"दोन, दोन, नऊ. समजलं." नाना ओव्हर म्हणायला विसरला. दोन्हीकडं शांतता. मी खुणेनं सांगितलं. "हां, ओव्हर."

असं चाललं बराच वेळ. रस्त्याचं कुणी बोलेना, अत्तराचं कुणी बोलेना. नुसते आकडे. मग नानाला खोकला आला. त्याचा तो जुना खोकला, आत ओढून घेतलेला, मग दोन वेळा फुटणारा; आमच्या घरात अंधारात नुसत्या त्या खोकल्यावरून सांगता येतं नाना कुठल्या खोलीत आहे. नानाचं बोट बटणावर होतं, त्यामुळं तो खोकला तसाच्या तसा वर गेला, डब्यात शिरला, आणि डोंगरापलीकडं उतरला.

तिकडून काही आलं नाही. मला वाटलं डबा बंद पडला.

मग आवाज आला. "पाणी प्या. ओव्हर."

नाना सेटकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. मी तांब्या दिला. तो प्यायला, तोंड पुसलं, बटण दाबलं. नियम म्हणजे नियम.

"पाणी प्या. समजलं. प्यालो. ओव्हर."

दाजी, त्यानंतर दोघंही आकड्यांवर परत गेली, आणि मी आजवर कुणालाही सांगितलं नाही, पण पुढचे सगळे आकडे नाना चुकीचे म्हणाला. आणि अक्कानं ते चुकीचेच परत म्हटले, एकदाही दुरुस्त केले नाहीत.

संध्याकाळी मी दोघांनाही वेगवेगळं विचारलं. नाना म्हणाला, "कोण बाई व्हती कुणास ठाव. कंपनीची आसंल." अक्का म्हणाली, "कोण म्हातारा व्हता काय की. लय खोकत व्हता बिचारा." दोघंही माझ्या डोळ्यांत न बघता बोलली. तुम्हाला विचारलं तर तुम्ही, "डबा पास झाला," एवढंच. नाव घ्यायचं नाही हा नियम कंपनीचा की तुमचा, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

तुमच्या तिकडं असण्याची इतकी सवय झाली होती, की तुम्ही जाल याचा मी विचारच केला नव्हता. छातीत कळ आली, आणि संपलं. स्मशानात नाना आला, लांब उभा राहिला, आणि तिथूनच आपल्या गावाला परत गेला. घरी नाही आला. त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट कळलं की विमान खाली आलंय. आता मधे कुणी नाही. अक्का दारात आणि नाना डोंगरापलीकडं, आणि पुढचा निरोप न्यायचा तर मला न्यायचा, ज्याला भाजीही अर्धीच आणता येते. मला वाटलं, आता हे असंच राहणार, एखाद्या मरणात आणखी घट्ट होणार, आणि उद्या दोघांतलं एक गेलं की दुसऱ्याला कोण कळवणार?

दुखवट्याला शिरवळचा तुमचा साहेब आला, तुमच्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान. मी आपलं सहज विचारलं, "आमच्याच डोंगरावर का घेतली वो तपासणी?"

तो म्हणाला, "आम्ही तर कारखान्यामागच्याच टेकडीवर करणार होतो. तुमच्या दाजींनीच हट्ट धरला. म्हणाले, साहेब, असा अडथळा दुसरीकडं मिळणार नाही."

दाजी, मी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि परसदारी जाऊन तोंड धुतलं.

नानाचा संशय तुम्ही मिटवला नाहीत म्हणून तो सेटवर बसला. अक्काचा मिटवला नाहीत म्हणून ती बसली. आणि मला मधे बसवलंत, कारण तुम्हाला माहीत होतं, मी कधी ना कधी ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहणार नाही. हे सगळं ठरवून केलं, की मी आता तुम्हाला असा मोठा करतोय? साहेबाच्या बोलण्याचा दुसरा अर्थही निघतो. डोंगर खरंच आडवा आहे, तपासणीला खरंच बरा आहे. माझा संशय फिटत नाही. आणि खरं सांगतो, फिटू नये असंच वाटतंय.

कार्याच्या दिवशी बहिणीला माहेरचं लुगडं आणायचं असतं. थोरल्या भावानं. सकाळपासून अक्का दोनदा बाहेर येऊन गेली, दोन्ही वेळा कुणाला काही विचारलं नाही. नाना दुपारी आला, काखेत पिशवी. उंबऱ्याच्या अलीकडं उभा राहिला. सोप्याची फरशी कुठंच उचकटलेली नव्हती. त्यानं ती बघितली, लख्ख, जुनी, जशी होती तशी. बराच वेळ बघितली. मला वाटतं त्याच क्षणी त्याला तुमचा सगळा हिशेब कळला.

मग तो माझ्याकडं वळला. "सुभ्या, तिला म्हणावं..."

मी तोंड उघडलं. काय उतरवायचं, कसं उतरवायचं, मला काही कळेना. आणि अक्का तीन हातांवर दारातच उभी होती, सगळं ऐकत.

"तिला म्हणावं, त्या दिवशी मी..." आणि नानाला खोकला आला. तोच, आत ओढलेला.

अक्का आत गेली. मला वाटलं, संपलं. ती तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्या हातात न देता माझ्या पलीकडं हात लांब केला.

"पाणी पी," ती म्हणाली.

नाना तसाच उभा. डोळे भरलेले, हातात पिशवी.

"मी काय म्हणाले? परत सांग."

दाजी, मांडवातली सगळी माणसं वळून बघायला लागली. कुणाला काही कळलं नाही, आम्हां तिघांना सोडून. नानानं तांब्या घेतला, प्यायला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"पाणी पी. समजलं. प्यालो." मग तो थांबला. मी खूण करणार होतो, पण गरज पडली नाही.

"ओव्हर," नाना म्हणाला, आणि अक्का बोलायला लागायची वाट बघत उंबऱ्याच्या आत आला.